अमेरिकेत कॉलेजच्या पुरुष गोल्फ संघाचा कोच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गोल्फ शिकलो, अमेरिकेत शिकायला आलो आणि पुढे मिडवेस्टमधल्या एका लहान कॉलेजात सहा वर्षं असिस्टंट कोच होतो. तेव्हापासून फोन येतात. निम्मे मुलांच्या आईबाबांचे असतात, निम्मे ‘मलाच कोच व्हायचंय’ म्हणणाऱ्या तरुणांचे. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कॉलेजचा कोच म्हणजे स्विंग (चेंडू मारताना काठी फिरवण्याची पद्धत) शिकवणाराच ना?

नाही. पहिला गैरसमज हाच. चांगल्या संघातल्या बहुतेक मुलांचा स्विंग कोच त्यांच्या गावी असतो. मुलगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्याकडे शिकत असतो, हल्ली त्याला व्हिडिओ पाठवत असतो. कॉलेजच्या कोचने त्यात हात घातला की दोन गुरूंचा एक शिष्य होतो आणि ऐन हंगामात चेंडू उजवीकडे पळायला लागतो. समंजस कोच पटिंग (जवळून चेंडू खड्ड्यात ढकलणं), छोटे शॉट आणि कोर्सवर डोकं कसं चालवायचं एवढंच बघतो.

मग दिवसभर तो करतो काय? नवी मुलं शोधतो. वर्षाच्या स्पर्धा ठरवतो. देणगीदारांना फोन करतो. कुणाचा अर्थशास्त्राचा पेपर बुडतोय ते बघतो. हॉटेलच्या खोल्या बुक करतो आणि व्हॅन चालवतो. व्हॅन खूप चालवतो.

स्पर्धेचा एक दौरा कसा असतो?

नेहमीचा साचा असा : रविवारी सराव फेरी, सोमवारी एकाच दिवसात ३६ होल (१८ होलची एक फेरी, अशा दोन), मंगळवारी उरलेले १८ आणि त्याच रात्री परत, कारण बुधवारी मुलांना वर्ग असतात.

सोमवारी पहाटे पाचला मी हॉटेलच्या लॉबीत बसून सँडविच बांधत असायचो. पीनट बटर, केळं, प्रत्येकाला दोन. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, त्याचा डबा वेगळा. मग टॉवेल, छत्र्या, हातमोज्यांच्या जोड्या. एवढी तयारी करून कोर्सवर पोचलो तर अनेकदा ‘फ्रॉस्ट डिले’. गवतावर दव गोठलेलं असताना त्यावर चालायचं नाही. पाऊल पडलं की पाती मोडतात आणि नंतर तिथे काळपट ठसे उमटतात. म्हणून ऊन येईपर्यंत सगळे संघ क्लबहाउसमध्ये कोंडलेले. तासभर उशीर झाला की ३६ होल अंधाराआधी संपणार नाहीत, हा हिशेब प्रत्येक कोचच्या चेहऱ्यावर दिसतो. मुलं मात्र पत्ते खेळत असतात.

पाच जण खेळतात आणि चौघांचेच गुण धरतात, ही काय भानगड आहे?

या नोकरीतली सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक फेरीला संघातले पाच जण उतरतात आणि त्यातले सर्वांत कमी फटक्यांचे चार स्कोअर मोजतात. समजा ७०, ७१, ७३, ७४ आणि ८१ आले. ८१ सोडून द्यायचे, संघाचे झाले २८८. दुसऱ्या दिवशी तोच ८१ वाला ६९ मारू शकतो आणि आदल्या दिवशीच्या ७० वाल्याचा स्कोअर फेकला जातो. खेळ एकट्याचा, पण कुणाचा स्कोअर धरला जाईल हे शेवटच्या होलपर्यंत नक्की नसतं.

लोक संघाचा पहिला खेळाडू बघतात. पण चांगला पहिला खेळाडू वीसेक कॉलेजांकडे असतो. फरक पडतो तो चौथ्या-पाचव्याने. ज्याच्या पाचव्याला ७४ मारता येतात, त्या कोचला रात्री झोप लागते. भरती, पैसा, सराव, रागलोभ असं सगळं शेवटी त्या पाचव्या बॅगेपाशी येऊन थांबतं. माझे हेड कोच म्हणायचे, पहिल्या दोघांना मी फक्त वेळेवर जेवायला घालतो. पगार मला उरलेल्या तिघांचा मिळतो.

हे पाच जण निवडतो कोण?

संघात आठ-नऊ मुलं असतात. स्पर्धेआधीच्या आठवड्यात त्यांच्यातच पात्रता फेऱ्या होतात. काही जागा स्कोअरवर ठरतात, एखादी कोच स्वतःच्या अधिकारात भरतो. त्या एका जागेवरून वर्षभर धुसफूस चालते.

राष्ट्रीय स्पर्धा कशी असते?

एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, सहा ठिकाणी प्रादेशिक स्पर्धा होतात आणि प्रत्येक ठिकाणचे पाच असे ३० संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातात. तीन फेऱ्यांनंतर १५ संघ उरतात, चौथ्या फेरीनंतर आठ. इथवर स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटक्यांची बेरीज. २००९ पासून पुढचा भाग मॅच प्लेचा आहे : पाच जणांविरुद्ध पाच जण, एकास एक समोरासमोर, जास्त होल जिंकेल त्याचा सामना, आधी तीन सामने जिंकेल तो संघ पुढे. इथे कुणाचाही स्कोअर फेकता येत नाही. पाचव्याचा सामना पहिल्याच्या सामन्याइतकाच मोलाचा.

२०१६ ची अंतिम लढत डोळ्यांसमोर आणा. युजीन कंट्री क्लबवर ऑरेगन विरुद्ध टेक्सस. टेक्ससचा अव्वल खेळाडू ब्यू हॉस्लर याचा खांदा उपांत्य फेरीत दुखावला आणि अंतिम सामन्यात तो उतरूच शकला नाही. एक गुण खेळण्याआधीच गेला. तरी टेक्ससने २-२ पर्यंत आणलं. ऑरेगनचा नावाजलेला खेळाडू ॲरन वाइज; त्या वर्षीचं वैयक्तिक विजेतेपदही त्याचंच. पण निर्णायक सामना आला तो युजीनमध्येच वाढलेल्या सुलमान रझाच्या वाट्याला, आणि त्याने तो तिसऱ्या जादा होलवर जिंकला. टेक्ससचे कोच जॉन फील्ड्स २०१९ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत हरले आणि २०२२ मध्ये जिंकले. कॉलेज कोचचं घड्याळ या गतीने चालतं.

स्पर्धा चालू असताना कोच खेळाडूशी बोलू शकतो का?

हो. व्यावसायिक गोल्फमध्ये सल्ला द्यायचा हक्क फक्त कॅडीला, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला असतो. सांघिक स्पर्धांत मात्र नेमून दिलेल्या कोचला बोलण्याची मुभा देता येते. कॉलेजात कॅडी नसतो, मुलं बॅग स्वतः वाहतात किंवा ढकलगाडीवर नेतात. पुष्कळ कोच एखाद्या पार-थ्रीच्या (तीन फटक्यांच्या होलच्या) टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, दिवसभर ठाण मांडतात, कारण तिथे पाचही मुलं एकामागून एक येतात आणि वाऱ्याचा अंदाज देता येतो. पण काय बोलायचं यापेक्षा कुणाशी बोलायचं नाही हे कळायला मला दोन हंगाम लागले. एका मुलाला मी आदल्या होलचा स्कोअर विचारायचो. त्याने शेवटी सांगितलं, ‘कोच, मी विसरायचा प्रयत्न करत असतो आणि तुम्ही आठवण करून देता.’

कोच व्हायला स्वतः मोठा खेळाडू असावं लागतं का?

असला तर दार लवकर उघडतं, एवढंच. या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव डेव्ह विल्यम्स. ह्यूस्टन विद्यापीठात ते केमिकल इंजिनीअरिंग शिकवायचे. १९५६ ते १९८५ या काळात त्यांच्या संघांनी १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. आज वर्षातल्या सर्वोत्तम कोचला त्यांच्याच नावाचा पुरस्कार देतात. त्यांचं खरं कसब माणसं गोळा करण्यात होतं. फ्रेड कपल्स त्यांच्या संघात होता आणि कपल्सच्या खोलीत राहायचा जिम नॅन्ट्झ. नॅन्ट्झने खेळाडू म्हणून नाव काढलं नाही, पण तो पुढे सीबीएस वाहिनीचा प्रसिद्ध समालोचक झाला. १९९२ मध्ये कपल्सने मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली तेव्हा टीव्हीवर त्याची मुलाखत घेणारा हाच रूममेट होता.

दुसऱ्या टोकाला ऑरेगनचे केसी मार्टिन, वर सांगितलेल्या २०१६ च्या विजेत्या संघाचे कोच. १९९४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या स्टॅनफर्डच्या संघात ते होते, पुढच्या हंगामात टायगर वुड्स त्यांचा सहखेळाडू. उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा दुर्मीळ आजार. स्पर्धेत चालण्याऐवजी कार्ट (छोटी गाडी) वापरू द्यावी म्हणून ते पीजीए टूरशी, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेशी, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २००१ मध्ये जिंकले. २००६ पासून ऑरेगनचे कोच. २०२१ मध्ये तो पाय कापावा लागला, तरी कोचिंग चालू ठेवलं.

शिक्षण काय लागतं? सुरुवात कुठून होते?

पदवी तर हवीच. मास्टर्सची पदवी असेल तर बरं. पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ व्यावसायिकांच्या संघटनेचं सभासदत्व असलं तर वजन पडतं, पण सक्ती नाही. पहिल्या विभागात मुलांच्या भरतीसाठी बाहेर पडण्याआधी कोचला नियमांची परीक्षा पास व्हावी लागते.

सुरुवात बहुधा बिनपगारी. कॉलेजात खेळलेला मुलगा पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट होतो : फी माफ, हातखर्चापुरते पैसे, आणि व्हॅनची किल्ली. मग असिस्टंट कोच. तिथे तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत कितीही काळ जाऊ शकतो, कारण एका कॉलेजात हेड कोचची खुर्ची एकच आणि त्यावर बसलेला माणूस सहसा उठत नाही. दरवर्षी डिसेंबरमध्ये कोच संघटनेचं अधिवेशन लास व्हेगासला भरतं. भाषणं आत होतात, नोकऱ्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ठरतात.

पगार किती?

एक आकडा सांगणारा थापा मारतोय असं समजा. मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या हेड कोचचे करार सार्वजनिक असतात, ते वाचलेत तर डोळे विस्फारतील. असिस्टंटचे वाचलेत तर मिटतील. तिसऱ्या विभागातल्या लहान कॉलेजांत गोल्फ कोच ही बरेचदा अर्धी नोकरी असते. उरलेल्या अर्ध्यात तो बास्केटबॉलच्या संघाला मदत करतो, जिमचे वर्ग घेतो किंवा गावातल्या क्लबमध्ये दुकान सांभाळतो. पुष्कळ ठिकाणी पुरुष आणि महिला दोन्ही संघ एकाच माणसाच्या गळ्यात असतात.

खर्च कोण करतं? गोल्फची तिकिटं तर कुणी काढत नाही.

बरोबर. अमेरिकन कॉलेजात पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून येतो. गोल्फ हा घरातला धाकटा. त्याने आपली सोय आपण बघायची. म्हणून कोचला मागण्याची लाज असून चालत नाही. ओक्लाहोमा स्टेटचे माइक होल्डर १९७३ ते २००५ कोच होते, आठ विजेतेपदं मिळवली. त्यांनी देणग्या जमवून संघासाठी स्वतंत्र कोर्स उभा केला, कार्स्टन क्रीक. तो १९९४ मध्ये सुरू झाला आणि गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांचं नाव त्याला आहे. पैसे उभे करण्यात त्यांचा हात एवढा बसला होता की २००५ मध्ये विद्यापीठाने त्यांना सगळ्या क्रीडा विभागाचं प्रमुख केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेलसम्राट टी. बून पिकन्स यांनी तिथल्या खेळांसाठी १६ कोटी ५० लाख डॉलर दिले.

होल्डर यांच्या १९९५ च्या विजेत्या संघातला ॲलन ब्रॅटन आज तिथला हेड कोच आहे. २०१८ मध्ये त्याच कार्स्टन क्रीकवर आणि २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टाला त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

मुलं निवडताना कोच काय बघतो?

स्कोअर तर घरबसल्या दिसतात. मग उन्हातान्हात ज्युनिअर स्पर्धा बघायला कोच जातात कशासाठी? डबल बोगीनंतरचा (एका होलवर ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त गेल्यावरचा) पुढचा टी शॉट बघायला. मुलगा बापाकडे बघतो की लक्ष्याकडे, ते बघायला. आईने दिलेली पाण्याची बाटली कशी घेतो, तेसुद्धा. पालकांनी एक लक्षात ठेवावं : दोरीपलीकडे टोपी घालून मुकाट उभा असलेला माणूस मुलाइतकाच तुमच्याकडेही बघत असतो.

नियमाप्रमाणे पहिल्या विभागातला कोच मुलाशी स्वतःहून संपर्क करू शकतो तो दहावीचं वर्ष संपल्यावर, १५ जूनपासून. त्या मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने मेसेज टाकणारे कोच मला माहीत आहेत. मीही टाकलेत.

शिष्यवृत्ती पूर्ण मिळते का?

पुरुष गोल्फमध्ये क्वचित. अनेक वर्षं पहिल्या विभागात एका संघाला एकूण साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि मुलं आठ-नऊ. मग कोच वाण्यासारखा तराजू घेऊन बसायचा : याला ६० टक्के, त्याला ४०, तिसऱ्याला फक्त पुस्तकांचा खर्च. दुसऱ्या विभागात मर्यादा ३.६, तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने हाउस खटल्यातली (कॉलेजच्या खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर भरलेला खटला) तडजोड मंजूर केली आणि गणित बदललं. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा उरली नाही, संघात मात्र नऊच मुलं ठेवता येतात. म्हणजे कागदावर नऊ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. पण कॉलेज आता खेळाडूंना थेट पैसेही देतं, आणि ते बहुतांश फुटबॉलकडे जातात. गोल्फ कोचच्या तिजोरीत खरोखर किती उरलं हे कॉलेजगणिक वेगळं आहे. आधी संघात दहावा-अकरावा मुलगा स्वखर्चाने ठेवता यायचा, पिकायला वेळ द्यायचा. तो रस्ता मोठ्या कॉलेजांत बंद झाला, याचं मला वाईट वाटतं. उशिरा फुलणारी मुलं तिथूनच यायची.

सरावावर वेळेचं बंधन असतं म्हणे?

हंगामात आठवड्याला २० तास. गंमत अशी की स्पर्धेचा दिवस तीन तास धरतात, मग मुलगा ३६ होल चालून अकरा तासांनी परत आलेला का असेना. बर्फाच्या प्रदेशात जानेवारी-फेब्रुवारी जाळीत चेंडू मारण्यात आणि सिम्युलेटरवर जातो. मार्चमध्ये संघ दक्षिणेला पहिली स्पर्धा खेळायला जातो तेव्हा टेक्सस-फ्लोरिडाची मुलं वर्षभर गवतावर खेळून आलेली असतात.

भारतीय मुलांना संधी असते का?

असते, आणि ती नवी नाही. जीव मिल्खा सिंग टेक्ससमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाकडून खेळला आणि १९९३ मध्ये दुसऱ्या विभागाचा वैयक्तिक राष्ट्रीय विजेता झाला. अर्जुन अटवाल न्यूयॉर्कमधल्या दोन वर्षांच्या नॅसॉ कम्युनिटी कॉलेजात होता. पुढे २०१० मध्ये पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय ठरला. भारतीय वंशाचा साहित तीगला पेपरडाइनचा. उलट अक्षय भाटिया कॉलेजात गेलाच नाही, सतराव्या वर्षीच व्यावसायिक झाला. तोही रस्ता आहे, फार थोड्यांचा.

पुण्या-मुंबईच्या पालकांना माझं सांगणं एकच : कोचला ईमेल मुलाने स्वतः लिहावी. ‘माय सन इज व्हेरी हार्डवर्किंग’ अशी सुरुवात असलेलं पत्र बाबांनी लिहिलंय हे पहिल्याच ओळीत कळतं. स्कोअर, खेळलेल्या स्पर्धा, कोर्सची लांबी, शाळेचे गुण, दोन मिनिटांचा व्हिडिओ. बस. आणि नाव फक्त मोठ्या विद्यापीठांचं धरून बसू नका. वरचे जीव आणि अटवाल कुठून आले ते पुन्हा बघा.

भारतातून थेट कोच म्हणून जाता येईल का?

थेट जवळपास नाहीच. विद्यार्थी म्हणून या, शिकता शिकता संघाला मदत करा, मग व्हिसाचं बघा. परदेशी माणसाला वाव आहे : २०२३ मध्ये फ्लोरिडाला विजेतेपद मिळवून देणारे जे. सी. डीकन कॅनडाचे. पण तेही आधी इथल्याच कॉलेजात, नेवाडात खेळले होते.

कोचिंग सोडून पुढे काय करतात?

काही जण आपल्याच खेळाडूंबरोबर निघून जातात. प्रसिद्ध खेळाडू फिल मिकल्सनचे ॲरिझोना स्टेटचे कोच स्टीव्ह लॉय पुढे त्याचे एजंट झाले. फिलचा भाऊ टिम हाही ॲरिझोना स्टेटचाच कोच होता. तो तिथल्याच आपल्या खेळाडूचा, जॉन रामचा एजंट झाला आणि नंतर फिलचा कॅडी. बाकीचे क्लबमध्ये जातात, देणग्या गोळा करण्याच्या खात्यात जातात, किंवा माझ्यासारखे नऊ ते पाचची नोकरी धरतात.

घरच्यांचं काय?

शनिवार-रविवार विसरा. माझ्या मुलीचे तीन वाढदिवस मी हॉटेलच्या पार्किंगमधून व्हिडिओवर साजरे केलेत.

सगळ्यांत अवघड काम कोणतं?

सहाव्याला सांगणं.

गुरुवारी संध्याकाळी पात्रता फेऱ्या संपतात. एका वर्षी एक मुलगा ५४ होलनंतर एका फटक्याने मागे राहिला. उरलेली जागा कोचच्या हातात होती आणि ती त्यांनी दुसऱ्याला दिली. सांगायचं काम माझ्याकडे आलं. तो ऑफिसच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. मी बोललो. त्याने विचारलं, ‘एकाच फटक्याचा फरक आहे ना?’ मी म्हटलं, हो. तो म्हणाला, ठीक आहे, आणि गेला. खाली रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दिवे बंद होईपर्यंत चेंडू मारल्याचा आवाज येत होता.

स्पर्धेत आमचा पाचवा ८३ आणि ८० मारून आला. मंगळवारी रात्री अकरा वाजता व्हॅन कॉलेजात परत लागली तेव्हा सामान उतरवायला तो मुलगा आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पाचव्याची ओली बॅग त्यानेच उचलली आणि पुसून लॉकरमध्ये ठेवली.